कोपरापर्यंतची पोळी

मी कुंदा, मूळची नागपूरची. राहते अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला. आणि गेले अकरा हिवाळे मी मिनेसोटा, मिशिगन, झालंच तर जर्मनीहून आलेल्या प्रवाशांना मेक्सिकन पोळ्या करायला शिकवत होते. हे एका दमात सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनीही तेच विचारलं. गेल्या मार्चमध्ये मी एप्रन उतरवून खुंटीला लावला, तेव्हा आता धंद्यातली गुपितं फोडायला हरकत नाही.

फिरायला आलेला माणूस पहिल्या दिवशी डोंगर बघतो, दुसऱ्या दिवशी दुकानं बघतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला वाटायला लागतं, की आपण इथल्या कुणाच्या तरी घरी जावं, चार गोष्टी हातानं कराव्यात. तो तिसरा दिवस म्हणजे आमचा धंदा. सकाळी दहाला आठ पाहुणे यायचे. हा क्लास चालवणाऱ्या मेक्सिकन लूपेच्या घरामागच्या अंगणात लांबलचक लाकडी टेबल, त्यावर पीठ, भाजायच्या हिरव्या मिरच्या, शिजवून ठेवलेला राजमा. तीन तासांत प्रत्येकानं आपल्या हातानं साल्सा, म्हणजे भाजल्या मिरचीची आणि टोमॅटोची चटणी, करायची, पोळ्या करायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायच्या. पोळ्या गव्हाच्याच. मक्याच्या नव्हे. ॲरिझोनाला खालून लागून मेक्सिकोचा सोनोरा नावाचा भाग आहे, तिकडे गहू पिकतो. तिथल्या पोळीला लाटणं लागत नाही. गोळा थापायचा, या हातावरून त्या हातावर टाकायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन बोटांनी कडा ओढत ओढत न्यायची, ती पार कोपरापर्यंत. कागदासारखी पातळ झाली की मेस्कीट या तिथल्या काटेरी झाडाच्या लाकडाच्या जाळावर उलट्या घातलेल्या लोखंडी कढईवर टाकायची. अर्ध्या मिनिटात पोळी तयार.

आता गुपित. पाहुणे ज्या पिठाचा गोळा मळतात, त्याच्या पोळ्या ते करत नाहीत. मळलेलं पीठ दीड-दोन तास मुरायला लागतं आणि पाहुण्याला तेवढा धीर नसतो. त्यामुळे ओढायचं पीठ आम्ही पहाटेच मळून ठेवायचो. त्यांनी मळलेलं कुठं जातं? माझ्या घरी. माझ्या नवऱ्यानं, विनायकनं, अकरा हिवाळे मिनेसोटाकरांच्या हातच्या कणकेच्या पोळ्या खाल्ल्या आहेत आणि अजून धडधाकट आहे.

मी या धंद्यात पडले ती माझ्या नणंदेमुळे. ती रेडमंडला राहते. तिकडे हिवाळाभर पाऊस. त्याला कंटाळून ती फेब्रुवारीत आमच्याकडे ऊन खायला आली आणि म्हणाली, "वहिनी, काहीतरी ऑथेंटिक करू या ना." तिनंच लूपेचा क्लास बुक केला. दोन्या लूपे तेव्हा सत्तरीची होती. दोन्या म्हणजे बाईसाहेब. ठेंगणी, रुंद, आणि नजर अशी की पीठसुद्धा सरळ बसावं. तिनं गोळा हातात दिला आणि मी सवयीनं लाटणं शोधायला लागले. ते नाही म्हटल्यावर व्हिनेगरची बाटली उचलली आणि गरागरा एक पोळी लाटली. चंद्रासारखी गोल! मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर बघितलं. लूपेनं माझ्या हातून बाटली काढून घेतली आणि म्हणाली, "इथं बाटलीतलं वापरतात. बाटली नाही."

जेवणं झाली. पाहुणे फोटो काढत होते. मला मात्र ते ढीगभर खरकटं बघवेना. आपल्याकडे कुणाच्या घरी जेवून, हात झटकून बसता येतं का? मी बाह्या सरसावून भांडी घासायला घेतली. नणंद दातओठ खात कुजबुजली, "वहिनी, आपण गेस्ट आहोत यार!" मी म्हटलं, "दोनच तर आहेत." पंचवीस होती. शेवटची कढई उपडी घातली तेव्हा लूपे दारात उभी होती. तिनं भांड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या ये."

हे दोन शब्द मला कसे भिडले ते सांगायला हवं. या देशात येऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यातली कितीतरी वर्षं माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं, म्हणजे नोकरीला मनाई. ग्रीन कार्ड आलं तोवर मुलगा कॉलेजला पोचला होता आणि मला आता कोण काम देणार, असं मीच धरून चालले होते. 'उद्या ये' असं मला बारा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री मला आनंदानं झोप नाही आली.

कामाला लागले आणि माझा दोष उघडा पडला. कुणाची पोळी वेडीवाकडी व्हायला लागली की माझे हात शिवशिवायचे. "आणा इकडे" म्हणून मी ती घ्यायची, दोन मिनिटांत ठीकठाक करून परत द्यायची. मला वाटायचं, केवढी ही आपली सेवा! एकदा मिनेसोटाहून आलेल्या हेलन नावाच्या आजींची पोळी मी अशीच सरळ केली. आजींनी ती उलटसुलट करून बघितली. मग हळूच म्हणाल्या, "ती छान झाली. पण आधीची माझी होती."

लूपेनं ऐकलं. तिनं हात पुसले. माझ्या मागे आली, एप्रनचा नाडा सोडला, माझे दोन्ही हात पाठीशी घेतले आणि मनगटांवरून नाडा गुंडाळून वर पक्की गाठ मारली. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उरलेला तासभर मी तशीच उभी राहून तोंडानं शिकवलं. "अंगठा आत. हळू. कड ओढा, मध्याला हात लावू नका." हात नसले की जीभ किती नेमकी चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून तिचा एकच मंत्र, "हात मागे." बंगळुरात नोकरी केलेला एक जर्मन इंजिनिअर थर्मामीटर घेऊन आला आणि दर पोळीमागे कढईचं तापमान वहीत लिहायला लागला. हात मागे. त्याच्या नोंदी झकास झाल्या, पोळ्या जळाल्या. एक नवविवाहित जोडपं आलं, दोघांनी मिळून एकच पोळी ओढायला घेतली. तो तिकडे ओढतोय, ती इकडे. पोळी मधोमध फाटली आणि दोघं एकमेकांशी बोलेनात. लूपेनं दोघांच्या हातात एकेक अर्धी दिली, दोन्ही कढईवर शेजारी शेजारी भाजायला लावल्या, तेव्हा कुठं नवरी हसली. मी पाठीमागे हात बांधून सगळं बघत होते आणि मनातल्या मनात त्यांची पोळी सांधत होते.

अशी चार वर्षं गेली. मी मिरच्या भाजायची, राजमा शिजवायची, पीठ मळायची, तोंडानं शिकवायची. पण टेबलाच्या डोक्याशी उभं राहून पहिली पोळी ओढून दाखवायचा मान लूपेचा. पाचव्या हिवाळ्यात तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात खांद्याच्या वर जाईना. तिची मुलगी रोसा फीनिक्सला अकाउंटंट आहे, ती आली आणि सरळच म्हणाली, "ममा, आता बंद कर. कुंदा चांगली आहे, पण लोक लोकल म्हणून येतात. इंडियन बाई टेबलाशी बघून काय म्हणतील?" माझ्यासमोरच म्हणाली. वाईट मनानं नव्हे, हिशोबी मनानं.

लूपेनं हातातल्या मिरच्यांची देठं काढून संपवली. मग म्हणाली, "फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. मी खुर्चीत बसणार. कुंदा क्लास घेणार. जमला तर टेबल हिचं. नाही तर बंद."

मला ते टेबल हवं होतं. आयुष्यात साडी, दागिना, घर, कशाचा मी एवढा हव्यास धरला नव्हता. तीन आठवडे आमच्या घरी दुसरं काही शिजलं नाही. विनायक एकदा अगदी हळू आवाजात म्हणाला, "कुंदा, आज वरणभात मिळेल का?" मी म्हटलं, "मिळेल. पोळीत गुंडाळून." दहातल्या आठ पोळ्या कोपरापर्यंत बिनभोकाच्या यायला लागल्या. मी मनात मांडे खायला लागले.

या तालमीत मला एक जुनी गोष्ट सारखी आठवायची. ही पोळी मी लहानपणापासून खात आले होते! नागपूरकडे तिला लंबी रोटी म्हणतात. असंच सैल पीठ, असंच हातावर ओढणं, फक्त कढईच्या जागी उलटं घातलेलं मातीचं मडकं. आमच्या गल्लीत लग्नकार्य असलं की सखूबाई नावाची बाई यायची आणि शंभर-दीडशे पानांना पुरतील एवढ्या रोट्या एकटी करायची. मी तिच्या समोर उकिडवी बसून गरम रोटी खायची. शेकड्यांनी खाल्ल्या असतील. एकदाही म्हटलं नाही, "सखूबाई, मला शिकव." ते तिचं काम आणि खाणं आपलं काम, असं डोक्यात पक्कं होतं. याची मला आज लाज वाटते.

शनिवार उजाडला. पाहुणे आठ. त्यात तिघं आपलीच निघाली. निखिल नावाचा मुलगा, चँडलरलाच चिपच्या कंपनीत, आणि पुण्याहून आलेले त्याचे आईवडील. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू पर्स मांडीवर धरून बसलेल्या, गप्प. काकांनी माझी टिकली बघितली, मंगळसूत्र बघितलं आणि विचारलं, "आपण कुठल्या?"

"नागपूरची, काका."

काका मुलाकडे वळले. "निखिल! आपण वीस तास विमानात बसून इथं आलो ते नागपूरच्या बाईंकडून पोळ्या शिकायला?"

"बाबा, प्लीज. सीन नका ना क्रिएट करू. रिव्ह्यूज बघून बुक केलंय मी."

"मी फक्त विचारतोय," काका म्हणाले आणि खुर्चीतल्या लूपेला खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, आम्हाला लोकल टीचर हवा होता."

रोसा तिथंच उभी होती. तिनं आईकडे बघून फक्त भुवया उंचावल्या. बोलायची गरजच नव्हती. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. कोपरापासून नमस्कार करावा आणि घरी जावं, असं वाटलं. पण पीठ मुरलं होतं, कढई तापली होती. मी टेबलाच्या डोक्याशी गेले, गोळा घेतला, थापला, हातावर टाकला. ओढत मनगट पार केलं, हात अर्धा पार केला. सगळे श्वास रोखून बघत होते. कोपर दोन बोटांवर आलं आणि मी काकांकडे बघितलं.

"भोक!" काका म्हणाले.

भोक कसलं, भगदाड होतं. त्यातून मला पलीकडची रोसा दिसत होती.

संपलं, असं वाटलं. पण क्लास अर्ध्यावर सोडता येत नाही. मी फाटकी पोळी तशीच कढईवर टाकली, म्हटलं, "पहिली अशीच होते. आता तुम्ही करा." आणि हात मागे घेतले. पाहुण्यांनी सुरुवात केली. हसाहशी, आरडाओरडा, पीठ केसांत. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. काकू होत्या. त्या केव्हापासून त्या उलट्या कढईकडेच बघत होत्या.

"ही लंबी रोटीच आहे न जी?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला आधी कळेना, बोललं कोण. 'न जी' पुण्याचं नव्हे. मी म्हटलं, "काकू, तुम्ही कुठल्या?"

"माहेर काटोल. आमच्या मळ्यात संत्र्याचा तोडा असला की पन्नास माणूस जेवे. गिरजाबाईजवळ बसून शिकली मी. सोळाची होती." त्यांनी पर्स खाली ठेवली. "मी करून पाहू का?"

"पहा न, काकू!" माझंही नागपूर सुटलं.

पहिली पोळी मनगटावरच फाटली. काकू स्वतःशीच म्हणाल्या, "पीठ घट्ट आहे. आमचं सैल राहे." काका म्हणाले, "अगं, तुला कशाला नसती उठाठेव?" दुसरी थोडी पुढं गेली आणि बांगड्यांत अडकून फाटली. मला दिसत होतं, अंगठे आत घ्यायला हवेत. इतकंसं. मी त्यांचे हात धरून एकदा दाखवलं असतं तर झालं असतं. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत अशी पिरगळली होती की संध्याकाळपर्यंत दुखत होती. मी नुसतं म्हटलं, "काकू, अंगठे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या पाटल्या, बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि काकांच्या ओंजळीत दिल्या. "धरा." काकांनी धरल्या.

तिसरा गोळा त्यांनी थापला, उडवला, हातावर घेतला. मनगट गेलं. हात गेला. सत्तरीला टेकलेल्या त्या बाईची बोटं कडेवरून सरसर फिरायला लागली आणि पोळी दोन्ही कोपरांवरून खाली लोंबायला लागली. एक भोक नाही! आरपार ऊन दिसत होतं. काकूंनी दोन पावलं टाकली आणि ती अख्खी पोळी सुरकुती न पडता कढईवर पसरली. मग जो गलका झाला! मिशिगनचा एक धिप्पाड गृहस्थ शिट्ट्या वाजवायला लागला. निखिल "आई! व्हॉट द... आई!" एवढंच म्हणत होता. आणि लूपे ज्या खुर्चीतून दोन महिने कुणाच्या आधाराशिवाय उठली नव्हती, तिथून उठली, काकूंचे पिठाचे हात हातात घेतले आणि भडाभडा स्पॅनिश बोलायला लागली. काकूही वऱ्हाडीत बोलायला लागल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी माना डोलावत होत्या.

काका मुठीत बांगड्या घेऊन उभे. "तू हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. बघायला आलात तेव्हाच," काकू म्हणाल्या. "तुमच्या आई म्हणाल्या, आमच्याकडे घडीची पोळी असते. मग राहिलं."

काकांनी बांगड्या जपून काकूंच्या पर्समध्ये ठेवल्या. थोड्या वेळानं माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, मघाशी मी जरा जास्त बोललो. मलाही एक गोळा द्या." त्यांच्या सहा फाटल्या. मी एकीलाही हात लावला नाही.

पाहुणे गेले. मी भांडी घासायला लागले, कारण दुसरं काय करावं कळेना. मागे रोसा आईला म्हणाली, "ममा, छान झालं. पण कुंदाची स्वतःची फाटली. जमली ती पाहुणीची."

"माझी पहिल्या वर्षी रोज फाटायची," लूपे म्हणाली. "पण पाहुणीची दुसरी फाटली तेव्हा हिचे हात बघितलेस? मी हिच्या मागेच बसले होते. हात मागे ठेवायला मला वीस वर्षं लागली." मग ती उठली, खुंटीवरचा स्वतःचा एप्रन काढला आणि माझ्या ओल्या खांद्यावर टाकला. मी हातात कढई घेऊन हमसून हमसून रडले. लूपे म्हणाली, "कढई गंजेल."

त्यानंतरचे सगळे हिवाळे टेबल माझं होतं. काकूंचा पुण्याहून अधूनमधून व्हिडिओ यायचा. गच्चीत मडकं उलटं घातलेलं, सोसायटीतल्या बायका रांगेत आणि मागे काका, निखिलनं पाठवलेला एप्रन बांधून, ओंजळीत सगळ्यांच्या बांगड्या घेऊन.

लूपे जाऊन आता तीन वर्षं झाली. ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी रोसा अंगणात आली. ऑफिसच्याच कपड्यांत होती. टेबलाशी बसली आणि पीठ चाळायला लागली. मग म्हणाली, "ममाची पोळी मी जन्मभर खाल्ली. शिकले नाही. मला शिकव." मला सखूबाई आठवली. मी म्हटलं, "एप्रन बांध."

तिला तीन हिवाळे लागले. गेल्या मार्चमध्ये माझ्या शेवटच्या क्लासला मी लूपेच्या खुर्चीत बसले आणि रोसा टेबलाच्या डोक्याशी उभी राहिली. तिची पहिली पोळी कोपराच्या अलीकडे फाटली. ती हसली, फाटकीच कढईवर टाकली आणि म्हणाली, "पहिली अशीच होते." समोर ओरेगनहून आलेलं जोडपं होतं. त्यातल्या बाईनं विचारलं, "तुम्हाला हे आईनं शिकवलं का?"

रोसानं पिठाचा हात माझ्याकडे केला. "नाही, हिनं शिकवलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, टिकलीकडे बघितलं. "या कुठल्या?"

"इथल्याच," रोसा म्हणाली. "लोकल आहे ती."

मी हात मागेच ठेवले होते. डोळे पुसायला पुढे घ्यावे लागले.